वंशावळीतील कोरा रकाना : मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे आनुवंशिक विकार

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवणच्या किनारपट्टीवरील खेड्यांत, घराण्याची माहिती जपून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. कुळाचा मूळपुरुष कोण, त्याला मुलगे किती, कोणती शाखा कोणत्या वाडीत स्थिरावली आणि कोण मुंबईस जाऊन गिरणीत किंवा गोदीत लागला, याचा तपशील जाणत्या मंडळींच्या तोंडी असतो. गणेशचतुर्थीला चाकरमानी गावी परतले म्हणजे या माहितीची उजळणीही होते. परंतु या वंशावळीतील एक रकाना बहुधा कोराच राहतो. कोणास कोणता आजार झाला आणि तो कोणत्या वयात झाला, याची नोंद कोठेच नसते. आजोबांच्या अंगावरून वारे गेले, काका ऐन उमेदीत अंथरुणाला खिळले, आत्या अखेरच्या काळात घरची माणसेही ओळखेनाशी झाली, एवढेच सांगितले जाते. प्रत्येक घटना हे स्वतंत्र दुर्दैव मानले जाते. काही घरांतून तिचा संबंध देवाच्या कोपाशी अथवा पूर्वजांच्या दोषाशी जोडला जातो, तर काही ठिकाणी नव्याने घरात आलेल्या सुनेच्या पायगुणावर ठपका ठेवला जातो.

अशा तीन-चार घटनांच्या मुळाशी क्वचित् एकच कारण असू शकते आणि ते रक्ताबरोबर पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या एका जनुकात दडलेले असू शकते, हे वैद्यकशास्त्राने गेल्या काही दशकांत सप्रमाण दाखवून दिले आहे. मेंदूतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या या आनुवंशिक विकारांची माहिती सर्वसामान्य नागरिकांस असणे अनेक दृष्टींनी हिताचे आहे.

मेंदूचा रक्तपुरवठा

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. मात्र शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ एकपंचमांश प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. हा पुरवठा मानेतून वर जाणाऱ्या चार मोठ्या धमन्यांमार्फत होतो. माडापोफळींच्या बागेत मुख्य पाटाचे पाणी लहान लहान दांडांतून प्रत्येक झाडाच्या आळ्यापर्यंत पोहोचते, त्याप्रमाणे या धमन्यांना फाटे फुटत जातात आणि अखेरीस अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा वाहिन्या मेंदूच्या खोल भागात शिरतात. मेंदूच्या निरनिराळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तंतूंचा जो पांढरा भाग असतो, त्याचे पोषण प्रामुख्याने याच वाहिन्यांवर अवलंबून असते. बागेच्या टोकाशी असलेल्या आळ्यास दुसरीकडून पाणी मिळत नाही. मेंदूतील या खोल भागाची स्थिती तशीच असते. एखादी सूक्ष्म वाहिनी बंद पडली की तिच्यावर विसंबलेला लहानसा भाग मृत होतो.

असा एकच आघात पुष्कळदा लक्षातही येत नाही. पण आघात वाढत गेले म्हणजे चाल मंदावते, बोलणे अडखळते, विचारांचा वेग कमी होतो, स्वभाव बदलतो आणि शेवटी स्मृतिभ्रंश ओढवतो. बहुसंख्य रुग्णांत या विकाराची कारणे नेहमीचीच असतात. वाढते वय आणि उच्च रक्तदाब ही त्यांतील प्रमुख होत. मधुमेह व तंबाखू यांचाही त्यात वाटा असतो. मात्र काही घराण्यांत रक्तदाब वा मधुमेह नसतानाही चाळिशी-पन्नाशीतील माणसांना हा विकार जडतो. तेथे कारणाचा शोध जनुकांत घ्यावा लागतो.

‘खाच’ नावाचे जनुक

या विकारांपैकी सर्वांत अधिक अभ्यास झालेला आणि सर्वांत अधिक आढळणारा विकार ‘कॅडासिल’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. पॅरिसमधील डॉ. मारी-जर्मेन बूसेर, डॉ. ह्युग शाब्रिया, डॉ. एलिझाबेथ तुर्निए-लासेर्व्ह आणि डॉ. आन जुतेल यांनी या विकाराचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. पिढ्यान् पिढ्या पक्षाघात होणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून त्यांनी १९९३ मध्ये या दोषाचे स्थान एकोणिसाव्या गुणसूत्रावर निश्चित केले आणि १९९६ मध्ये ‘नॉच-३’ हे त्यास कारण असलेले जनुक शोधून काढले. या कार्याबद्दल चौघांना २०१९ चे ‘ब्रेन प्राइझ’ हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक देण्यात आले.

‘नॉच’ म्हणजे खाच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील संशोधकांना काही फळमाश्यांच्या पंखांच्या कडेला खाचा आढळल्या व त्यावरून या जनुककुळास हे नाव मिळाले. माणसातील नॉच-३ हे जनुक सूक्ष्म धमन्यांच्या भिंतीतील स्नायुपेशींसाठी एक प्रथिन तयार करते. या प्रथिनाच्या बाहेरील भागात एकसारखे चौतीस दुवे साखळीसारखे जोडलेले असतात. प्रत्येक दुव्यात ‘सिस्टीन’ नावाचे सहा घटक असतात आणि त्यांच्या तीन जोड्या जुळल्याने दुव्याला योग्य आकार येतो. सहाजणींनी फुगडीसाठी तीन जोड्या कराव्यात, तशी ही रचना असते. जनुकातील एका अक्षराच्या बदलाने एक सिस्टीन कमी झाले अथवा एक वाढले, तर पाच किंवा सात घटक उरतात आणि एक घटक जोडीवाचून राहतो. हा एकटा घटक इतर प्रथिनांना पकडू लागतो, त्यांच्या गुठळ्या वाहिनीच्या भिंतीत साचतात, स्नायुपेशी क्षीण होतात व भिंत जाड आणि ताठर बनते. गरजेनुसार प्रसरण पावून रक्त वाढवून देण्याची तिची क्षमता नष्ट होते.

ही प्रक्रिया अनेक वर्षे निमूटपणे चाललेली असते. पुष्कळ रुग्णांत पहिले लक्षण तिशीच्या सुमारास दिसते. डोळ्यांपुढे प्रकाशाच्या नागमोडी रेषा येऊन नंतर तीव्र अर्धशिशी सुरू होते. पक्षाघाताचा पहिला झटका सर्वसाधारणपणे पंचेचाळीस ते पन्नास या वयात येतो. खिन्नता, निरुत्साह आणि कशातच रस न वाटणे ही लक्षणेही वारंवार आढळतात. घरातील माणसे त्याला आळस किंवा चिडखोरपणा म्हणतात, परंतु तो त्या माणसाच्या स्वभावाचा दोष नसून आजाराचाच भाग असतो.

वारशाचे दोन मार्ग

प्रत्येक व्यक्तीला बहुतेक सर्व जनुकांच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. कॅडासिलमध्ये या दोहोंपैकी एक प्रत सदोष असली तरी विकार होऊ शकतो. त्यामुळे बाधित पालकाच्या प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, सदोष प्रत मिळण्याची शक्यता निम्मी असते. ज्या अपत्याकडे ती प्रत आली नाही, त्याच्या मुलांकडेही ती जात नाही. पायगुण, ग्रहदशा किंवा कोणाचे पाप यांचा या वाटणीशी काहीही संबंध नाही.

‘कॅरासिल’ या दुसऱ्या विकाराचा मार्ग वेगळा आहे. त्याचे प्रथम वर्णन जपानमध्ये झाले आणि ‘एचटीआरए-१’ हे त्याचे जनुक जपानी संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. या विकारात जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. आई व वडील दोघेही वरकरणी निरोगी असतात. दोघांकडे एकेक सदोष प्रत असेल, तर प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता एकचतुर्थांश असते. ऐन तारुण्यात पडणारे टक्कल, कमरेचे व मानेचे मणके लवकर झिजल्याने होणारी पाठदुखी आणि तिशीच्या आसपास सुरू होणारे पक्षाघात, अशी लक्षणांची तिहेरी खूण या रुग्णांत आढळते. हा विकार केवळ जपानपुरता नाही. बंगळूर येथील ‘निमहान्स’ या राष्ट्रीय संस्थेतील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये भारतीय कुटुंबांतील रुग्णांचे वर्णन करून या जनुकातील तीन नवे बदल नोंदविले आहेत.

अशा विकाराची शक्यता रक्ताच्या नात्यातील विवाहांत वाढते. महाराष्ट्र हा विवाहप्रथांच्या दृष्टीने उत्तर व दक्षिण यांच्या सीमेवरील प्रदेश आहे आणि येथील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आहे, हे समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात नमूद केले होते. सख्ख्या मामेभावंडांत सरासरी एकअष्टमांश जनुके समान असतात. असे सर्वच विवाह सदोष ठरतात, असा याचा अर्थ नाही. घराण्यात तरुण वयातील पक्षाघाताचा इतिहास असेल, तर मात्र नात्यातील सोयरीक जुळविण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरते.

आणखी दोन विकारांचा उल्लेख आवश्यक आहे. ‘सीओएल-४-ए-१’ या जनुकातील दोषामुळे रक्तवाहिनीचे अस्तर ठिसूळ होते व मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका निर्माण होतो. अर्भकालाही तो संभवतो. ‘फॅब्री’ या विकारात एका विकराच्या अभावामुळे स्निग्ध द्रव्य पेशींत साचते. लहानपणापासून हातापायांची आग होणे, घाम कमी येणे आणि पुढे मूत्रपिंड, हृदय व मेंदू यांना इजा पोहोचणे, असा त्याचा क्रम असतो. नसलेले विकर बाहेरून देण्याचा उपचार २००१ पासून उपलब्ध झाला असल्याने हा विकार वेळेवर ओळखणे विशेष महत्त्वाचे आहे.

दक्षिण आशियातील निष्कर्ष

कॅडासिलचे निदान झालेल्या रुग्णांचे प्रमाण लाखात दोन ते पाच इतके मानले जात असे. परंतु जगभरातील जनुकसंग्रहांची तपासणी झाली, तेव्हा नॉच-३ मधील अशा प्रकारचा बदल साधारण तीनशे व्यक्तींमागे एकीत असल्याचे दिसून आले आणि दक्षिण आशियातील लोकांत हे प्रमाण त्याहूनही अधिक असल्याचे आढळले. २०२४ मध्ये पाकिस्तानातील व्यक्तींच्या अभ्यासावरून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या जनुकातील एक विशिष्ट बदल दक्षिण आशियात शंभरामागे सुमारे एका व्यक्तीत असतो. पश्चिम युरोपात तो फारच विरळ आहे. हा बदल असणाऱ्यांत मेंदूतील खोल भागात रक्तस्राव होण्याचा धोका तिपटीहून अधिक असल्याचे त्या अभ्यासात आढळून आले.

या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. साखळीतील पहिल्या सहा दुव्यांमधील दोष अधिक तीव्र असतो. त्यापुढील दुव्यांत दोष असणाऱ्यांना पक्षाघात सरासरी बारा वर्षे उशिरा येतो आणि अनेकांचे आयुष्य जवळजवळ निर्वेध जाते. दक्षिण आशियात आढळलेला उपरोक्त बदल साखळीच्या अखेरच्या भागातील, म्हणजे एकतिसाव्या दुव्यातील आहे. तथापि सौम्य दोष असलेल्या व्यक्तीने रक्तदाबाकडे दुर्लक्ष केले, तर सौम्य दोषही घातक ठरू शकतो.

एखादा बदल एखाद्या प्रदेशात अधिक का आढळतो, याचे उत्तर कोकणातील माणसास समजावयास कठीण नाही. मर्यादित लोकसंख्येच्या समूहात विवाह आपापसांत होत राहिले, तर मूळपुरुषाकडील जनुकीय बदल शेकडो वंशजांत पसरतो. दक्षिण कोरियातील जेजू बेटावर आणि तैवानमध्ये नॉच-३ मधील एकच विशिष्ट बदल मोठ्या प्रमाणावर आढळतो, तो याच कारणाने. हा दोष कोणत्याही एका जातीची, धर्माची वा गावाची खूण नव्हे. प्रत्येक मानवसमूहात असे काही ना काही बदल असतातच.

या संदर्भात मुंबईतील एक उदाहरण बोलके आहे. तेथील ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीम सिंघल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्याचा घेर वाढलेल्या, तोल जाणाऱ्या मुलांची काळजीपूर्वक नोंद ठेवली. ही मुले प्रामुख्याने अगरवाल समाजातील असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. हा विकार रक्तवाहिन्यांचा नसून मेंदूच्या पांढऱ्या भागाचा होता. त्याचे ‘एमएलसी-१’ हे जनुक २००१ मध्ये सापडल्यानंतर या मुलांत एकच समान बदल असल्याचे सिद्ध झाले आणि त्या कुटुंबांना निश्चित तपासणी उपलब्ध झाली. या शोधाचा प्रारंभ महागड्या यंत्राने झाला नव्हता. डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णास विचारलेल्या कुटुंबविषयक प्रश्नांनी झाला होता.

निदान व उपचार

मेंदूच्या एमआरआय तपासणीत पांढऱ्या भागावरील डाग दिसतात. कानशिलाजवळील भागाच्या अग्रभागी असे डाग असल्यास कॅडासिलचा संशय बळावतो. निश्चित निदान रक्ताच्या जनुकतपासणीने होते. ही तपासणी कोणी करावी, यासंबंधी काही संकेत पाळले जातात. लक्षणे असलेल्या व्यक्तीची तपासणी प्रथम करावी. निरोगी नातेवाइकांनी ती स्वेच्छेने व समुपदेशनानंतरच करावी. लक्षणे नसलेल्या अज्ञान मुलांची तपासणी करू नये. सज्ञान झाल्यावर हा निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावयाचा असतो. गर्भावस्थेतील जनुकतपासणी १९९४ च्या कायद्यान्वये नोंदणीकृत केंद्रांतच करता येते.

कॅडासिल समूळ बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध झालेले नाही. असे असताना निदान करून घेण्याचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, एकच सदोष जनुक असलेल्या दोन भावांच्या आयुष्यात मोठा फरक पडू शकतो. धूम्रपान करणाऱ्या आणि रक्तदाब वाढलेल्या रुग्णांत पक्षाघात अधिक व लवकर होतो, असे पाहणीत आढळले आहे. जनुक बदलता येत नसले तरी या दोन गोष्टी निश्चितपणे बदलता येतात. विडी-सिगारेट सोडावी, तंबाखू व मिश्री यांचाही त्याग करावा. रक्तदाब नियमित मोजावा व औषध मध्येच बंद करू नये. पावसाळ्यात मासेमारी थांबल्यावर किनारपट्टीवरील आहारात सुकी खारवलेली मासळी आणि लोणची यांचे प्रमाण वाढते. त्यांतील मिठाचा विचार रक्तदाबाच्या रुग्णांनी अवश्य करावा. खिन्नतेवर उपचार घेण्यात कमीपणा मानू नये. २०२२ पासून ‘टेलिमानस’ या १४४१६ क्रमांकाच्या शासकीय सेवेद्वारे मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. निदान माहीत असल्यास रक्त पातळ करणारी औषधे, शस्त्रक्रिया व भूल यांविषयीचे निर्णयही डॉक्टरांना अधिक सावधपणे घेता येतात.

जिल्ह्यातील सोयी

तोंड वाकडे होणे, एका हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी कोणतेही लक्षण एकाएकी दिसल्यास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस त्वरित पाचारण करावे. राज्यात ही सेवा २०१४ पासून कार्यरत आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन योग्य रुग्णास साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येत असल्याने तेल चोळण्यात अथवा गाऱ्हाणे घालून कौलाची वाट पाहण्यात घालविलेला वेळ भरून येत नाही. देवाचे गाऱ्हाणे रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यानंतरही घालता येते.

रक्तदाब व मधुमेह यांची तपासणी तीस वर्षांवरील सर्वांसाठी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य केली जाते. ओरोस येथे जिल्हा रुग्णालय असून तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले. अधिक तपासणीसाठी जिल्ह्यातील रुग्ण गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात वा मुंबईस जातात. दुर्मिळ विकारांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे विशेष केंद्र म्हणून निश्चित करण्यात आले. फॅब्रीसारख्या धोरणात समाविष्ट विकारांच्या रुग्णांना अशा केंद्रांमार्फत पन्नास लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद २०२२ मध्ये करण्यात आली.

वंशावळीचा नवा उपयोग

जनुकतपासणी खर्चिक असली तरी तिची पहिली पायरी प्रत्येक घरात विनामूल्य उपलब्ध आहे. ती म्हणजे वंशावळ. एका कागदावर तीन पिढ्यांची नावे लिहावीत. लेकी व त्यांची मुले यांना त्यातून वगळू नये, कारण जनुक आडनाव पाहून प्रवास करीत नाही. प्रत्येक नावापुढे पक्षाघात, तीव्र अर्धशिशी, दीर्घ खिन्नता, विस्मरण यांपैकी काय झाले आणि कितव्या वर्षी झाले, हे नमूद करावे. साठीच्या आत पक्षाघात झालेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती रक्ताच्या नात्यात आढळल्यास हा कागद घेऊन डॉक्टरांची भेट घ्यावी. मुंबई, गोवा व गाव असे विखुरलेले कुटुंब चतुर्थीला एकत्र येते, त्यावेळी हे काम सहज होण्यासारखे आहे.

यात एक पथ्य मात्र पाळले गेले पाहिजे. हा कागद कुटुंबाच्या व डॉक्टरांच्या उपयोगासाठी आहे. कोणाच्या मुलीचे लग्न मोडण्यासाठी वा कोणास वाळीत टाकण्यासाठी त्याचा वापर होऊ लागला, तर माणसे आजार लपवितील आणि लपविलेल्या आजारावर उपचार होत नाहीत. आशा स्वयंसेविका, शिक्षक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांनी या बाबतीत गावाला विश्वासात घेणे आवश्यक आहे.

पूर्वजांकडून घर, बाग, कुळाचार यांचा वारसा मिळतो, तसाच शरीराचाही मिळतो. तो निवडून घेता येत नाही. पण आजोबांना जे कळले नाही ते नातवाला कळू शकते आणि पंचेचाळिसाव्या वर्षी येणारा झटका साठीपलीकडे लोटता आला, तर मधल्या काळात एका घराची मुले शिकून मोठी होतात.